हाडाची भर

पेंटरची कवळी ग्लासात असायची आणि ग्लास बेसिनच्या कडेवर. एवढीशी गोष्ट. पण तिच्यापायी त्या घरातलं जेवणाचं टेबल दोन वर्षं अर्धं रिकामं होतं.

कवळी म्हणजे अख्खी बत्तिशी नव्हे. वरचे समोरचे चार दात, गुलाबी प्लास्टिकच्या टाळूवर बसवलेले, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा शिडी घसरली, तोंड दुकानाच्या कठड्यावर आपटलं आणि चार दात पायरीवर सांडले. माणूस वाचला म्हणून तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दातांचं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे ही काढघालीची कवळी आली आणि पेंटरला नवं खेळणं मिळालं. अक्षराचं वळण कुठे न्यावं याचा विचार करताना तो जिभेने कवळी खाली ढकलायचा, ओठांपर्यंत आणायचा आणि टक् करून परत वर ओढून घ्यायचा. लेक लहान असताना या टक्-टक्वर पोट धरून हसायची. लेक मोठी झाली, लांबच्या शहरात नोकरीला गेली, पण टक्-टक् घरातच राहिलं.

त्याच्या बायकोला तिच्या कामावर सगळे टॉर्चबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठीमागे टॉर्चबाई. ती एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर होती, म्हणजे दुसऱ्यांनी साफ केलेल्या खोल्यांत घाण शोधायचा पगार घ्यायची. बाथरूममध्ये शिरली की ती दिवा लावायचीच नाही. खिशातली टॉर्च काढून बेसिनच्या कडेला आडवी धरायची. उजेड तिरपा पडला की सगळं उघडं पडतं: तळाशी चिकटलेला केस, आरशावरचे थुंकीचे शिंतोडे, ग्लासच्या काठावरचा कोणाच्या तरी ओठांचा ठसा. नवीन आलेल्या मुलींना ती नळ दाखवायची. नळाच्या तोंडाशी पाण्यातला क्षार साठतो, पांढरा, कणीदार. तो फडक्याने जात नाही. त्यावर स्प्रेने जोरात पाणी मारायचं, मऊ ब्रश फिरवायचा आणि कण पडायचे थांबले की मगच थांबायचं. "कण पडतायत तोवर आत घाण आहे," असं ती सांगायची, आणि मुली माना डोलवायच्या.

इतकी वर्षं हे काम करून माणसांविषयी तिचं मत काही फार चांगलं उरलं नव्हतं. चांगले कपडे घालून, गोड बोलून, दारापाशी "थँक्यू" म्हणणारी माणसं चादरीत नखं कापून टाकतात आणि पलंगाच्या पाठीमागे नाकातलं पुसतात, हे तिला ठाऊक होतं. समोरून कोणी सूटबूट घालून आलं की तिला आधी त्याची खोली दिसायची. किळस तिच्या नाकाला कायमची चिकटलेली होती, आणि कामावर तिने ती कधी लपवलीही नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याचा फोन आला: माझी कवळी खोलीत राहिली. खोलीत नव्हती. म्हणजे मळलेल्या कपड्यांबरोबर गेली. ओल्या टॉवेलांची आणि चादरींची पोती टॉर्चबाईने जातीने उपसली. शेवटी एका उशीच्या अभ्र्यात कवळी सापडली, आणि तिच्या गुलाबी टाळूला चावलेल्या पावाचा लगदा तसाच चिकटलेला होता. हातमोज्यातूनही तिला त्याचा ओलेपणा कळला. ती घरी आली, हात तीनतीनदा धुतले, ताट वाढून घेतलं आणि टेबलावर नवऱ्यासमोर बसली. नवरा पाटीचं एक नक्षीदार अक्षर मनात घोळवत होता. टक्.

ती ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानेच जेवली.

त्या दिवसापासून तिचं जेवण ओट्यापाशी व्हायला लागलं. आधी म्हणाली, बसून पाठ दुखते. मग म्हणाली, आवरता आवरता जेवलेलं बरं. त्यानंतर "तुम्ही फार घोरता" म्हणून तिची उशी लेकीच्या रिकाम्या खोलीत गेली. पेंटर काही दूधखुळा नव्हता. त्याने घरात टक्-टक् बंद केलं. ग्लास बेसिनवरून कपाटात नेला, कपाटातून खिडकीच्या पडद्यामागे नेला. टॉर्चबाईला तो दर वेळी सापडायचाच, सापडणं हाच तिचा धंदा. दात काढून खदाखदा हसणारा माणूस ओठ मिटून हसायला लागला, आणि तेही तिला दिसलं. पण करणार काय? किळस कोणी ठरवून करत नाही, आणि ठरवून थांबवतही नाही.

एका रविवारी पेंटर ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"ऐक ना. मी दात पक्के बसवून घेतो. हाडात स्क्रू घालून बसवतात ते. काढायचे नाहीत, ग्लास नको, काही नको."

"घ्या की."

"मग समोर बसून जेवशील?"

हे तो इतकं सरळ विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने घास तसाच गिळला.

"हो, बसेन," ती म्हणाली.

दातांची डॉक्टर तरुण होती. तिच्या दवाखान्याची पाटी पेंटरनेच रंगवलेली, त्यामुळे ती त्याला काका म्हणायची आणि ओघाने टॉर्चबाईला काकू. तिने पडद्यावर एक्स-रे लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं.

"काका, इथे हाड बघा, सुरीच्या पात्यासारखं झालंय. दात गेले की त्यांना धरणारं हाडही झिजत जातं. स्क्रू घालायचा तर आत पकड हवी ना? भिंतीत वीटच नसेल तर खिळा कशात ठोकणार? आधी इथे हाडाची भर घालू. ती सहाएक महिन्यांत मुरली, तुमच्या हाडाशी एकजीव झाली, की मग स्क्रू."

"भर कशाची?" टॉर्चबाईने विचारलं. असले प्रश्न तिच्या तोंडून आपोआप यायचे.

"हाडाचीच, काकू. गुरांच्या हाडापासून केलेली मिळते. नाहीतर माणसाच्या. लोक मेल्यानंतर हाडं दान करतात, ती स्वच्छ करून, सगळे जंतू मारून ठेवतात. थोडं काकांच्याच जबड्यातून मागून खरवडूनही घेता येतं."

गुराचं, मेलेल्याचं आणि खरवडलेलं. यातलं कुठलं जास्त ओंगळ हे टॉर्चबाईला ठरवता येईना. मेलेल्या माणसाचं हाड तोंडात घेऊन हा मला रोज सकाळी "चहा झाला का" विचारणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं. स्वच्छ केलेलं म्हणजे किती स्वच्छ? कोणी केलं? कोणी तपासलं? डॉक्टर मात्र उत्साहात होती. "थांबा, दाखवतेच तुम्हाला," म्हणत ती कपाटाकडे वळली.

"मी बाहेर बसते," टॉर्चबाई म्हणाली आणि कपाट उघडायच्या आत दाराबाहेर होती.

बाहेरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडून ठेवलेले होते. त्यांच्याकडे पाठ करून ती बसली. आत डॉक्टर बराच वेळ काहीतरी समजावत होती, मध्येच पेंटर "बरं, बरं" म्हणत होता, एकदा दोघं हसली. यात हसण्यासारखं काय आहे ते तिला कळेना. भिंतीवरच्या बाटलीतलं सॅनिटायझर घेऊन तिने हात चोळले. कशालाही हात लावलेला नसताना चोळले.

"माणसाचंच घ्यायचं ठरवलं," घरी जाताना पेंटर म्हणाला. "गुराचं घातलं असतं तर तू म्हणाली असतीस, रवंथ काय करताय."

"पुरे."

"कोण असेल गं तो? एखादा वकील निघाला तर पंचाईत. मी कमी बोलतो का आधीच?"

"मी म्हटलं ना, पुरे!"

तिच्या डोळ्यांसमोर एक हाड आलं होतं आणि जात नव्हतं. चांगलं बोटभर लांब, पिवळट, टोकाशी गाठ असलेलं. ते त्याच्या हिरडीत आडवं खुपसलेलं. भर म्हणजे असंच काहीतरी असणार, अशी तिची समजूत झाली. विचारून खात्री करून घ्यायची तर पुन्हा त्या विषयाला हात घालावा लागणार होता.

ऑपरेशन झालं. तेव्हाही टॉर्चबाई बाहेरच बसून राहिली. पेंटर घरी आला तो अर्धं तोंड दुसऱ्याच माणसाचं घेऊन. वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला, हनुवटीवर वाळलेलं रक्त, तोंडात लाल झालेला बोळा. कवळी घालायची नाही असं डॉक्टरने सांगितलं होतं, म्हणून ती डबीत बंद. भुलीमुळे ओठ कळत नव्हता, त्यामुळे लाळ गळायची आणि त्याला पत्ता नसायचा. तांबूस, तार धरणारी लाळ. उशीवर, शर्टावर, खुर्चीच्या हातावर. टॉर्चबाईने जुनी चादर फाडून तिचे तुकडे घरभर ठेवले. भूल उतरली, पण सूज उतरली नाही. दुसऱ्या दिवशी गालावर निळं चढलं, त्याच्या कडेने हिरवट पिवळं, आणि डोळा बारीक झाला. बोलायचं तर "हं" आणि "ऊं" एवढंच. गार दूध चमच्याने घ्यायचा, त्यातलं निम्मं ओघळायचं. ती दूध देऊन तोंड फिरवायची. खोटं कशाला बोला, तिला बघवत नव्हतं. रक्ताची तिला भीती नव्हती, पण हा ओलावा, हा चिकटपणा, हे गळणं तिला अजिबात सहन होत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वास आला.

गोडसर, शिळा, बंद पडलेल्या मोरीसारखा. ती दारातच थांबली. असला वास आला की कामावर ती एकच प्रश्न विचारायची.

"धुतलं का नाही?"

पेंटरने नाही म्हणून मान हलवली.

"तीन दिवस? तीन दिवस तोंड धुतलं नाहीत? चूळसुद्धा नाही?"

त्याने पुन्हा मान हलवली आणि काहीतरी म्हणाला, पण ते सुजलेल्या ओठांतून "ऊं ऊं" एवढंच बाहेर आलं.

"शी! अहो, जखम आहे ती! सडेल ना अशाने! बसा इथे."

आता तिच्या अंगात टॉर्चबाई संचारली. तिने पाणी उकळलं, मीठ घातलं, कोमट केलं. कोरी स्प्रेची बाटली काढून धुतली. लहान मुलांचा मऊ ब्रश आणला. हातमोजे चढवले. बाथरूममध्ये बेसिनसमोर स्टूल ठेवलं आणि त्याला बसवून त्याच्या हातात टॉर्च दिली.

"धरा. आडवी धरा. आ करा."

पेंटरने बाटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याने एक हात वर केला, थांब म्हणावं तसा. ती त्याच्यावर वाकलेली होती, तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, कपाळावर आठी, नजर त्याच्या तोंडावर रोखलेली. त्याचा हात हवेत जरा वेळ राहिला. मग तो खाली आला आणि त्याने तोंड उघडलं.

तिने अंगठ्याने त्याचा ओठ वर उचलला. आतलं बघून तिला शिसारीच आली. हिरडी फुगून चकचकीत लाल झालेली, तिच्यावर काळ्या दोऱ्याचे टाके, टाक्यांच्या मधून पिवळसर बुळबुळीत थर. तिने श्वास रोखला आणि स्प्रे मारला. जोरात, अगदी टाक्यांच्या रेघेवर. तांबूस पाणी बेसिनमध्ये उतरलं आणि त्याच्याबरोबर कण पडले. पांढरे, बारीक, जाड्या मिठासारखे.

"बघा!" ती म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता. "केवढा क्षार साठलाय! आणि म्हणे, थांब."

तिने पुन्हा स्प्रे मारला. पुन्हा कण. ब्रश हलक्या हाताने रेघेवर फिरवला, आणखी कण. एकदा काम हातात आलं की तिला किळस सुचायचीच नाही. खोली घाण असते तोवर किळस, हातात ब्रश आला की फक्त काम. ती मारत राहिली, घासत राहिली, कण पडायचे थांबेपर्यंत. पेंटरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टॉर्च त्याने मात्र हलू दिली नाही.

"झालं, झालं. झोंबतंय का?" तिने हातमोजे काढले आणि त्याची हनुवटी पुसली. ओल्या फडक्याने, पण हात तिचाच. त्याने तिचं मनगट क्षणभर धरून ठेवलं. तिने ते सोडवून घेतलं नाही, कारण बेसिनमध्ये कण होते आणि ती पाणी कुठून सोडायचं ते बघत होती. सगळं मोरीत गेलं. वरून तिने जंतुनाशक ओतलं.

मग सकाळ-संध्याकाळ हा कार्यक्रम ठरूनच गेला. ती "चला" म्हणायची आणि पेंटर स्टुलावर जाऊन बसायचा, टॉर्च धरून, आ करून. कण कमी कमी होत गेले, एके दिवशी पडायचे थांबले. टॉर्चबाईला समाधान वाटलं. लेकीला तिने फोनवर सांगितलंसुद्धा: "तुझ्या बाबांचं तोंड आता हॉटेलच्या नळासारखं लख्ख आहे." एकदा तर ती धुणं झाल्यावर तिथेच बादली उपडी घालून त्याच्यासमोर बसली आणि हॉटेलातल्या एका पाहुण्याची गोष्ट सांगत राहिली. पेंटर ऐकत होता, सुजलेल्या ओठांनी हसत होता. वास मात्र जात नव्हता. उलट वाढत होता. ती मीठ वाढवत होती.

टाके काढायला गेले तेव्हा टॉर्चबाई मुद्दाम आत थांबली. आपलं काम डॉक्टरने बघावं असं तिला वाटत होतं.

डॉक्टरने ओठ उचलला आणि तिचा चेहरा बदलला. टाके सुटलेले होते. हिरडी मधोमध उघडी पडली होती, आणि आत भरीवर घातलेला पातळ पडदा दुधावरच्या सायीसारखा लोंबत होता. डॉक्टरने चिमट्याने तो उचलला, तर त्याच्याखालून पू आला. खोलीभर वास पसरला. हाड नव्हतं. तिथे नुसता खड्डा होता.

"काका, हे काय झालं?" डॉक्टरच्या आवाजात रडकुंडीला आल्यासारखं काहीतरी होतं. "चुळा भरल्यात का? जोरात?"

"भरल्या," पेंटर म्हणाला.

"मी सांगितलं होतं ना? चूळ खळखळून भरायची नाही, पिचकारी मारायची नाही, तिथे ब्रश लावायचा नाही, ओठ उचलून बघायचंसुद्धा नाही. तीनदा सांगितलं तुम्हाला!"

"सांगितलं होतं. खाज सुटायची. राहवलं नाही." तो टॉर्चबाईकडे बघत नव्हता.

"काकू, तुमच्या तरी लक्षात आलं नाही? असे कण पडलेले दिसले नाहीत कुठे?" डॉक्टरने कपाटातून एक छोटी बाटली काढली आणि बशीत थोडं ओतून तिच्यापुढे धरलं.

पांढरे, बारीक, जाड्या मिठासारखे.

टॉर्चबाईने बशीकडे पाहिलं आणि तिला बेसिन दिसलं. बोटभर लांब हाड नव्हतंच कुठे. हे होतं. दान दिलेलं, कोणीतरी निगुतीने स्वच्छ करून बाटलीत ठेवलेलं, आणि तिने ते ब्रशने घासून घासून काढलं होतं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बेसिनमध्ये, सकाळ-संध्याकाळ. एका मेलेल्या माणसाला तिने मोरीत सोडलं होतं आणि वरून जंतुनाशक ओतलं होतं. तिच्या हातांना आतून खाज आल्यासारखं झालं. जगातल्या सगळ्या घाणीत तिला इतकी किळस कधी आली नव्हती, आणि ही किळस कुठल्या पाहुण्याची नव्हती.

खुर्चीला जोडलेलं थुंकायचं भांडं समोर होतं. ती त्यात ओकली. दुसऱ्यांच्या थुंकीच्या भांड्यात तोंड घालून, दोन्ही हातांनी त्याच्या कडा धरून, सगळं पोट रिकामं होईपर्यंत.

"काकूंना जखम बघवली नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली आणि तिला पाण्याचा पेला दिला. मग तिने जे राहिलं होतं ते खरवडून साफ केलं, नवे टाके घातले आणि खरं ते सांगितलं. आता हाड आधीपेक्षाही कमी झालंय. आधी हिरडी भरून येऊ द्यायची. मग पुन्हा करायचं तर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून इथे घालावा लागेल, मोठ्या दवाखान्यात, आणि तरी धरेलच असं नाही. पेंटर सगळं ऐकून "बघू" म्हणाला. त्याचं "बघू" म्हणजे नाही, हे टॉर्चबाईला कळलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरून ती त्यानेच रंगवलेल्या पाटीखाली थांबली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं? ते कण कसले आहेत ते?"

"डॉक्टरने बाटली दाखवली होती ना. तू बाहेर गेलीस तेव्हा."

"मग बोलला का नाहीत? बोलता येत नव्हतं तर हात धरायचा माझा! ढकलून द्यायचं मला! मी एवढी हात धुवून मागे लागले आणि तुम्ही आपले टॉर्च धरून बसलात? वेड लागलं होतं का तुम्हाला?"

लोक वळून बघत होते. पेंटरने रुमाल तोंडाशी धरला होता, त्यामागून त्याचं बोलणं फसफसत आलं.

"दोन वर्षांत तू माझ्याकडे तोंड करून उभी राहिली नव्हतीस. त्या दिवशी राहिलीस. ओठ उचललास माझा. म्हटलं, हाड काय, बाटलीत मिळतं."

टॉर्चबाईला त्याचा भयंकर राग आला. असा माणूस! तोंडातला पू वाढू दिला, पण "थांब" म्हणाला नाही! आणि मग राग कुठे ठेवायचा ते तिला कळेना, कारण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तो रुमाल काढत नव्हता.

हिरडी भरून आली, पण तिचा आकार बदलला. जुनी कवळी आता नीट बसेना. घास चावला की सैल होऊन खाली यायची. नवी करून घ्यायची तर हिरडी पुरती घट्ट व्हायला हवी होती. पेंटर आता आपलं ताट स्वतःच वाढून घ्यायचा आणि मागच्या खोलीत रंगांच्या डब्यांमध्ये बसून, भिंतीकडे तोंड करून जेवायचा. ग्लासही त्याने तिथेच नेला. टेबल आता पूर्ण रिकामं झालं. टॉर्चबाई ओट्यापाशी उभी राहायची आणि तिला घास जायचा नाही. इतके दिवस ती उठून जात होती. समोरचा उठून गेला की कसं वाटतं ते तिला माहीत नव्हतं.

एका दुपारी तिने टेबलावर दोन ताटं मांडली. भात, भाजी, पाणी. मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चला जेवायला."

"इथेच आण. मला बरं पडतं इथे."

"मी बसतेय टेबलावर. पाठबिठ काही दुखत नाही माझी."

तो आला. बसला. ती त्याच्यासमोर बसली. त्याने डावा हात तोंडावर आडवा धरला आणि उजव्याने पहिला घास घेतला. हाताआड चावत राहिला, चोरून खाल्ल्यासारखा.

"हात खाली घ्या."

"नको. ही पडते मध्येच."

"पडू दे."

त्याने हात खाली घेतला, पण नजर तिच्या चेहऱ्यावरून हलवली नाही. दुसऱ्या घासाला काही झालं नाही. तिसऱ्या घासाला कवळी सुटली, तिरकी होऊन ओठांतून अर्धी बाहेर आली, गुलाबी टाळूला भाताची शितं आणि चावलेला लगदा चिकटलेला, त्यावर लाळेची तार. पेंटर तसाच थिजला. हात वर न्यावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

टॉर्चबाईला शिसारी आली. नेहमीसारखीच आली, पोटातून वर, घशाशी. नाक मुरडलं गेलं, ओठ वाकडे झाले. तिने ते लपवलं नाही आणि तिला लपवता आलंही नसतं. तिचे पाय खुर्ची मागे सरकवायला निघाले.

तिने ते जागेवर ठेवले. भाताचा घास कालवला, तोंडात घातला, त्याच्या तोंडाकडे बघत चावला आणि गिळला.

टक्. कवळी वर गेली.

"भात वाढू अजून?" तिने विचारलं.